थिएटरची उतरती जमीन

आई, बाबा,

फोनवर सांगणार होतो, पण फोनवर बाबा नुसतं "हां हां, बरं" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात, मग आपण दोघं भाजी काय केली यावर येतो. म्हणून लिहितोय. आई, तू वाचून दाखवू नकोस, चष्मा लावून त्यांनाच वाचू देत.

बाबा, कानाचं मशीन परत ड्रॉवरमध्ये गेलंय हे मला कळलंय. आईने चुगली केलेली नाही, व्हिडिओ कॉलवर मलाच दिसलं. "तंबोरा पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजतो" ही तुमची तक्रार मला आधी नखरा वाटायची. आता नाही वाटत, त्याचं पुढे सांगतो.

झालं असं की गेल्या महिन्यात गाडीची बॅटरी डाऊन झाली आणि आमच्या बिल्डिंगच्या सिक्युरिटीला एक आजोबा आहेत, तुमच्याच वयाचे असतील, ते म्हणाले चल सोडतो. त्यांच्या गाडीत एक माणूस गात होता. अगदी सावकाश. आवाज फाटत होता आणि तो खुशाल फाटू देत होता. मी गेली वीस वर्षं मेटल, म्हणजे ते दणदणीत रॉकच ऐकतोय हे तुम्हाला माहितीच आहे, तुम्ही त्याला पत्र्यावर गारा म्हणायचात. तर सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी बोटं मांडीवर चालू आहेत आणि ती सहा मोजतायत. धा धिं ना, धा तिं ना. दादरा! मागे पियानो तीन तीनचे ठोके देत होता आणि माझ्या हाताला ते आधी कळलं, डोक्याला नंतर. लहानपणी तुम्ही माझ्या पाठीवर मोजायचात ते एवढं आत बसलंय याची मला कल्पना नव्हती.

गायक ओटिस रेडिंग. गाणं 'दीज आर्म्स ऑफ माइन', इथेच, अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९६२ साली रेकॉर्ड झालेलं. गंमत म्हणजे तो त्या दिवशी गायला आलाच नव्हता, दुसऱ्याच एका गिटारवाल्याला गाडीतून घेऊन जॉर्जियाहून आला होता. त्या गिटारवाल्याचं काही जमेना, वेळ उरला, तेव्हा याला म्हणाले बघू तू काय गातोस. पियानोवाला निघून गेलेला, म्हणून स्टुडिओचा गिटारिस्ट स्टीव्ह क्रॉपर पियानोवर बसला. पाच वर्षांनी ओटिस विमान अपघातात गेला, २६ वर्षांचा होता. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याच्यामागे बाजारात आलं, त्यात शेवटी तो नुसती शीळ घालतो.

मग रविवारी त्या स्टुडिओच्या जागी गेलो. स्टॅक्स नाव. बहीण-भावाने काढलेली कंपनी, जिम स्ट्युअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन, दोघांच्या आडनावातली दोन-दोन अक्षरं घेऊन स्टॅक्स. भाऊ बँकेत नोकरीला आणि हौसेने फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजवायचा, त्याला गोऱ्यांचं कंट्री म्युझिक सोडून काही ठाऊक नव्हतं, मग रे चार्ल्स हा कृष्णवर्णीय गायक ऐकला आणि गडी पार बदलला. (म्हणजे माझंच आधीचं उदाहरण.) रेकॉर्डिंग मशीन घ्यायला बहिणीने घर गहाण टाकलं. बाबा, आणि एक तुमच्या कामाचं: जिमने मोठ्या कंपनीबरोबरचं कॉन्ट्रॅक्ट नीट न वाचता सही केली आणि १९६८ मध्ये कळलं की इतक्या वर्षांच्या सगळ्या मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, त्या मोठ्या कंपनीच्या झाल्या. "वाचल्याशिवाय सही करू नकोस" हे तुमचं वाक्य मला त्या म्युझियममध्ये ऐकू आलं.

पण मला सांगायचंय ते जमिनीचं. स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर होतं. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची जमीन पडद्याकडे उतरती असते, ती सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून तशीच राहिली. आणि त्या उतारामुळेच तिथला आवाज वेगळा यायचा, खाली जड आणि भरलेला, दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत तसा मिळेना. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली, २००३ मध्ये त्याच जागी म्युझियम झालं तेव्हा त्यांनी मुद्दाम तसाच उतार पुन्हा केला. मी त्या उतारावर उभा होतो आणि मला आपली मिरजेची सितारमेकर गल्ली आठवली. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून न्यायचात आणि तो कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, काढत असायचा, मी कंटाळून भोपळे मोजायचो. घोडी सपाट असती तर तार नुसती टण् करून गप्प झाली असती, असं तुम्ही सांगितलं होतंत. तेव्हा मी मान हलवली होती, पण कळलं आत्ता.

दर्ग्यात चिंचेखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालायचं, तुम्ही बोलवायचात आणि मी हेडफोन घालून घरी. त्याचं वाईट वाटतंय, पण ते एवढंच लिहून सोडतो.

आई, तुझ्यासाठी: तिथे आयझॅक हेज नावाच्या गायकाची कॅडिलॅक गाडी ठेवलीय, बाहेरून सोन्याचं काम आणि आत सगळीकडे पांढरं केसाळ अस्तर. तू पहिला प्रश्न विचारला असतास, हे धुतात कसं. मीही तेच विचारलं, तिथली मुलगी हसली.

आता मशीन. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, वरचे आवाज जातात, खालचे बरेच दिवस टिकतात. मशीनचं नेहमीचं सेटिंग माणसांच्या बोलण्यासाठी असतं, ते वरचे आवाज ओढून मोठे करतं आणि गाण्याची पार वाट लावतं. म्हणजे डब्याची तक्रार खरी होती. बऱ्याच मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम टाकून मिळतो. मी ऑडिओलॉजिस्टशी बोललोय, बुधवारी साडेअकराला जा, आणि जाताना तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये घेऊन जा, तिथेच लावून बघा. बोलण्यावर "हां हां" म्हणून परत येऊ नका.

तोवर मशीन काढून, टीव्हीच्या मोठ्या स्पीकरवर हे अडीच मिनिटांचं गाणं लावा, लिंक आईला पाठवलीय. इंग्रजी कळलं नाही तरी काही बिघडत नाही.

आई, त्यात पियानो एकसारखा तीन तीन वाजत राहतो, तो बाबांना ऐकू येतो का एवढं मला कळव. पण त्यांना विचारू नकोस, विचारलंस तर हो म्हणतील. बोटांकडे बघ.

तुमचा
बाळू