सुहास, फॉरमॅट मारायच्या आधी हे वाच

म्युनिक, २३ ऑक्टोबर

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

आईकडून कळलं, स्टुडिओतला पीसी अल्बम करता करता निळा पडतोय आणि दुकानवाला म्हणतोय, फॉरमॅट मारू. लग्नसराई तोंडावर आहे, म्हणूनच थांब. फॉरमॅटनं पुरावा पुसला जाईल, आणि तोच ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) परत टाकलास की तोच निळा पडदा परत येईल.

तू पाठवलेल्या फोटोत ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असं दिसतंय. आयआरक्यूएल म्हणजे प्रोसेसरच्या हातातल्या कामाची अग्रक्रमाची पातळी. नेटवर्कवरून डेटा आला किंवा कीबोर्डची कळ दाबली की ते उपकरण प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असा इशारा, देतं. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून त्या उपकरणाच्या ड्रायव्हरचा कोड चालवतो. त्या वेळी तो इतक्या वरच्या पातळीवर असतो, की मेमरीतून डिस्कवर गेलेलं पान (मेमरीचा तुकडा) परत मागवायची त्याला मुभा नसते. ड्रायव्हरनं नेमका तिथेच, किंवा भलत्याच पत्त्यावर हात घातला, तर विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. पुढे चालू दिलं तर तुझ्या फाइली बिघडतील ना!

पडद्यावर ‘व्हॉट फेल्ड’च्या पुढे ज्या फाइलचं नाव येतं तिच्यावर पहिला संशय, पण लगेच शिक्का मारू नकोस. दुसऱ्याच ड्रायव्हरनं मेमरी खराब केलेली असू शकते. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर आहे, त्यात प्रत्येक वेळी मशीन पडतानाची नोंद असते. ते जसंच्या तसं मला पाठव. मी विनडीबगमध्ये, म्हणजे अशा नोंदी वाचायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बघते. दरवेळी एकाच फाइलचं नाव आलं तर तो ड्रायव्हर. दरवेळी वेगळं आलं तर मला रॅमची शंका येईल. तोवर रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेव.

आमच्या प्रयोगशाळेतल्या लिनक्स मशीनचंही असंच झालं होतं. कॅमेऱ्याचं कार्ड मध्येच मुकं व्हायचं, त्यासोबत यूएसबीही बंद. लॉगमध्ये ओळ होती: ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’, म्हणजे १६ नंबरच्या इंटरप्ट लाइनची कुणी दखलच घेतली नाही. दोन्ही उपकरणं एकाच इंटरप्ट लाइनवर होती. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी तसं: वाजली की प्रत्येकानं डोकावून बघायचं, माझ्याकडे कुणी आलंय का. कुणीच ‘माझं’ म्हणालं नाही तर ती वाजतच राहते. १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० च्या वर बेवारस निघाले, की लिनक्स ती लाइनच बंद करतं, आणि मग तिच्यावरचं दुसरं निर्दोष उपकरणही अडकतं. कार्डाचा ड्रायव्हर एमएसआयवर चालवला, म्हणजे लाइन वाटून न घेता कार्ड स्वतःचा वेगळा निरोप मेमरीत लिहून पाठवतं. तेव्हापासून मशीन शांत आहे.

तुझ्याकडे दिवाळीत आणलेलं ते वायफायचं डोंगल आधी काढ, त्याचाही ड्रायव्हर असतोच. अल्बमचं काम नेटशिवाय चालतं. मग दोन-तीन दिवस बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल. डोंगल, रॅम आणि ड्रायव्हर एकदम बदललेस तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. कुणी ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरांना मुद्दाम ताण देऊन तपासणारं विंडोजचं साधन) चालू करायला सांगितलं तर मला विचारल्याशिवाय करू नकोस. त्यानं दोषी ड्रायव्हर सापडतो खरा, पण मशीन सुरू होतानाच परत परत पडू शकतं, आणि मग सेफ मोडमधून (मोजकेच ड्रायव्हर घेऊन मशीन सुरू करून) व्हेरिफायर बंद करावा लागतो.

आणि गिऱ्हाइकांचे फोटो आजच बाहेरच्या हार्डडिस्कवर घे. बाकी सगळं त्यानंतर.

आई-बाबांना नमस्कार सांग. मिनीडंप उद्यापर्यंत पाठव, शनिवारी मी मोकळीच आहे.

तुझी,
ताई