तंजावरच्या रायरकाकांना

आदरणीय रायरकाका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचंच राहून गेलं. वाड्याच्या फाटकाशी नारळपाणी विकणारा पोरगा तुम्हाला ‘रायर’ म्हणत होता. तिकडे मराठी माणसाला असंच म्हणतात, हे नंतर तुम्हीच सांगितलंत. तेव्हा तेच नाव धरून लिहितोय. पत्ता नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

मी आणि आई साताऱ्याहून आलो होतो, मार्चमध्ये. काळा चष्मा लावलेली आई आठवत असेल. महिन्याभरापूर्वीच तिचा मोतीबिंदू काढला होता. कलादालन बघून झालं आणि आम्हाला वाटलं, राजवाडा संपला. “चल, रिक्षा बघ,” आई म्हणाली. तेवढ्यात पायरीवरून तुमचा आवाज आला, “मराठी काय? मग सरस्वती महाल न बघता कसे जाता?” सूर तमिळ, शब्द मात्र माझ्या पणजीचे. आई जागच्या जागी थांबली.

सरस्वती महाल म्हणजे वाड्यातलंच जुनं ग्रंथालय; एकाच वाड्यात किती संग्रहालयं आहेत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आधीच्या नायक राजांनी बांधलेला वाडा, १६७६च्या सुमारास शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे गादीवर आले, त्यांच्या वंशाने तो वाढवला, आणि १८५५मध्ये पुरुष वारस नाही म्हणून कंपनीने राज्य खालसा केलं. इतका इतिहास मी पाठ करून आलो होतो. बघायचं कसं, ते तुम्ही शिकवलंत.

तुम्ही आम्हाला आधी परत कलादालनातच नेलंत. तिरुवेंकाडूचा तो ब्राँझचा शिव, १०११ सालचा, डोक्याला सापांचा फेटा. मघाशी आम्ही त्याच्यासमोरून सरळ निघून गेलो होतो. “बाई, तो हात कशावर टेकलाय सांगा,” तुम्ही आईला विचारलंत. हात तर हवेत! आई दोनदा बाजूला जाऊन बघून आली. मग तुम्ही हळूच म्हणालात, “नंदी आहे. आपल्याला दिसत नाही एवढंच.” नंदीची मूर्ती कधीच हरवलेली, पण ती कोपराची घडी, तो सैल पंजा बघितला की नंदीची उंचीसुद्धा कळते. आई चष्मा काढून बघत राहिली. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं, पण मी गप्प बसलो.

तिथून याच भोसले गादीवरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा. एका इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. १७९९च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला नि आसपासचा मुलूख तेवढा उरला. मला ते वाचताना नेहमी वाईट वाटायचं. तुम्ही म्हणालात, “राज्य गेलं म्हणून तर वाचायला वेळ मिळाला.” आणि आईच्या चष्म्याकडे बोट दाखवून तुम्ही सांगितलंत, की हे राजे डोळ्यांचे रोगी तपासवून घेत, उपचारांच्या नोंदी ठेवत, डोळ्यांची रंगीत चित्रंही काढवून घेत, मोतीबिंदूवाले त्यात होतेच. ते कागद सरस्वती महालात जपलेले आहेत. त्यानंतर दिवसभर आईला सरफोजींबद्दल काहीही विचारा, ती “आमचे डोळ्यांचे डॉक्टर” म्हणायची.

ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय तर तुम्ही नसतात तर आम्ही पाच मिनिटांत उरकलं असतं. काचेआड एक मोडी कागद होता. मला त्यात नुसती वळवळ दिसत होती. तुम्ही काचेवर बोट न टेकवता, ओळीच्या खालून हवेतच बोट फिरवत वाचून दाखवलंत. हिशेबच होता तो, धान्याचा. राजेरजवाड्यांचं काही असेल म्हणून मी कान टवकारले होते, आणि निघाली मापं नि पायली! पण साताऱ्याच्या बाजारात आजही जो शब्द ऐकू येतो, तो इतक्या लांब, तमिळ मुलखात, काचेखाली जपून ठेवलेला. आईने तुम्हाला ती ओळ परत वाचायला लावली.

निघताना तुम्ही बजावलंत, मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वराच्या, सकाळी लवकर जा, ऊन चढलं की दगडावर अनवाणी पाय ठरत नाहीत. आम्ही उजाडताच गेलो. १८०३मध्ये भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास, ओळींमागून ओळी मराठीत. आईने एका पट्टीवरची अक्षरं बोटाने लावत, शाळेतल्या मुलीसारखी मोठ्याने वाचली. दोन तमिळ बायका थांबून ऐकत होत्या.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा आमच्या आधी तुम्हीच सांगून ठेवलात. मनापासून आभार, काका.

एक राहिलं. चहा पिताना तुम्ही डांगर पच्चडीबद्दल बोललात, आणि आई म्हणाली, आमच्याकडेही डांगर करतात की! परवा तिने केलं, उडदाचं पीठ दह्यात कालवून. पहिला घास घेतला आणि मला म्हणाली, त्यांना विचारून घे, तिकडे कच्चा कांदा घालतात की नाही.

तुमचा,
साताऱ्याचा पाहुणा