कण मज्जेपर्यंत पोहोचला का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत धातूंच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांमुळे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांमुळे, अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मगज) खराब होते, असा मजकूर आला. मथळ्यातल्या प्रश्नचिन्हाने अर्धे काम केले, उरलेले आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपने. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी सनस्क्रीनची ट्यूब घेऊन दारात उभ्या (सनस्क्रीनमध्ये असे ऑक्साइड असतात): ‘काका, टाकून देऊ का?’

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे उंदरांच्या मज्जेच्या स्लाइड मोजल्या, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. मज्जेतली तांबडी पेशी तयार होताना शेवटी आपले केंद्रक बाहेर टाकते. एखाद्या पदार्थाने गुणसूत्र तुटले असेल तर तो तुकडा मात्र आत राहतो. भाडेकरू गेला तरी माळ्यावर त्याची एखादी पेटी राहते तसा. याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. मांडीच्या हाडातली मज्जा काढून, पसरून, रंगवून हे तुकडे शोधायचे. आमच्या वेळी एका उंदरामागे २००० कोवळ्या पेशी पाहायचो, आता ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचा चाचणीसाठीचा दंडक ४००० चा आहे. (मानेचे दुखणे तिथलेच.)

आपल्या मजकुरात सगळे कण एकाच माळेत ओवले आहेत. झिंक ऑक्साइड पेशीच्या आम्लयुक्त कप्प्यात विरघळते, जस्ताचे आयन सुटतात, फ्री रॅडिकल्स (पेशीला इजा करणारे अस्थिर रेणू) वाढतात आणि डीएनएला इजा होऊ शकते. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ विरघळतच नाही, साचून राहते. एक मीठ, दुसरी वाळू. आणि आयर्न ऑक्साइडच्या नॅनोकणांचे तर फेरुमॉक्सिटॉल हे इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी मंजूर झाले. त्यातले लोह वापरून मज्जा रक्तच तयार करते.

कण उंदराला पाजले की शिरेतून टोचले, हेही मजकुरात नाही. टोचलेले कण यकृत, प्लीहा आणि मज्जेतल्या भक्षक पेशी गिळतात. पोटातून फारच थोडे रक्तात जातात. धडधाकट त्वचेवर लावलेले कण वरच्या मृत थरापलीकडे फारसे उतरत नाहीत. म्हणून वहिनींना म्हटले, ट्यूब राहू द्या, फक्त फवाऱ्याचे सनस्क्रीन घेऊ नका. ते श्वासातून फुप्फुसात जाते.

पण याच मुद्द्याची दुसरी बाजू उत्पादकांना अडचणीची आहे. ‘प्राण्यांवरील चाचणीत निर्दोष’ असे कोणी सांगितले की मी विचारतो, कण मज्जेपर्यंत पोहोचल्याचा पुरावा कुठे आहे? पोहोचलाच नसेल तर स्वच्छ स्लाइडने काहीच सिद्ध होत नाही. गुणसूत्रांना धोका नाही असे ठामपणे म्हणता येत नाही, हा निर्वाळा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडबद्दल दिला आणि २०२२ मध्ये तिथे खाद्यपदार्थांतून ते हद्दपार झाले. एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त समितीने २०२३ मध्ये मात्र जुनी मोकळीक कायम ठेवली. जाणकारांतच असा मतभेद असताना ‘कर्करोग होतो’ किंवा ‘काही होत नाही’, दोन्ही मथळे घाईचे.

ग्राहकाने निदान काय विकत घेतले ते त्याला कळावे. युरोपात जुलै २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकसूचीत नॅनो असेल तर तसे छापावे लागते. नातवाच्या च्युइंगमच्या पाकिटावर भिंग लावून मला रंगाचा १७१ हा क्रमांक, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, सापडला. कणांच्या आकाराबद्दल अवाक्षर नाही. वहिनींच्या ट्यूबवरही नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी देताना कण कोणता, किती मोठा, किती मात्रेत आणि कोणत्या वाटेने दिला, एवढ्या चार गोष्टी छापाव्यात ही विनंती. जागा कमी पडली तर उंदराचा फोटो गाळावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज