गावसभेला का जाते

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालास, "माझी शाळा संपली, आता तू त्या गावसभेला कशाला जातेस?" फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते.

तुझं वाचुसेट हायस्कूल मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या होल्डन गावात आहे, पण ते एकट्या होल्डनचं नाही. पॅक्सटन, प्रिन्स्टन, रटलंड, स्टर्लिंग आणि आपण, अशी पाच गावं ते मिळून चालवतात, १९५४ पासून. प्रिन्स्टनची वस्ती जेमतेम साडेतीन हजार. एवढ्याशा गावाला अख्खं हायस्कूल एकट्याने कसं झेपणार?

भांडण होतं ते पैशावरून. प्रत्येक गावाचा किमान वाटा राज्य सरकार त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरवतं, वरचा भार मुलांच्या संख्येवर. बजेट शाळा समिती करते, मंजूर करतात गावसभा, म्हणजे प्रत्येक गावचे एकत्र जमलेले मतदार. पाचांपैकी चार गावं 'हो' म्हणाली तरच ते पास. दोन अडून बसली की समिती पुन्हा कात्री घेऊन बसते. त्यात मॅसॅच्युसेट्सचा १९८० चा कायदा: नवी बांधकामं सोडली तर गावाला एकूण मालमत्ता कर वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, त्याहून जास्त हवा असेल तर वेगळं मतदान. विम्याचे हप्ते आणि बसचं डिझेल काही अडीच टक्क्यांवर थांबत नाही!

गेल्या मे महिन्यात तुझ्याच शाळेच्या सभागृहात माझ्या शेजारी एक आजी विणत बसल्या होत्या. नातवंडं सगळी फ्लोरिडात. शाळेचा ठराव आला तशा सुया मांडीवर ठेवल्या आणि हात वर केला. मागचे एक आजोबा उठून म्हणाले, "पेन्शन तेवढीच आणि कर दरवर्षी वाढतो, मी काय घर विकू?" मला त्यांचा राग नाही आला. तू शाळेत होतास तेवढी वर्षं या दोघांनीही कर भरलाय, घरात शाळेत जाणारं कुणी नसताना. आता आपल्या घरातही कुणी नाही, म्हणून मी घरी बसू? (आणि मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगपेक्षा ही लवकर आटोपते.)

तू अठराचा झालास. मतदार यादीत नाव इथलंच ठेव, पण गावसभेत टपालाने मत देता येत नाही, स्वतः यावं लागतं. तुझी परीक्षा तोवर संपते ना? तारीख कळवते. संध्याकाळची सभा आहे, पिठलं-भात खाऊन निघू.

तुझी,
आई