ते जॅकेट दुकानात परत दे

ता. अचलपूर, जि. अमरावती
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय कोकण्या,

तुझी बदली परतवाड्याजवळच्या शाखेत झाली हे वाचून आधी विश्वासच बसला नाही. होस्टेलात मला सहा वर्षं 'वऱ्हाडी' म्हणून चिडवलंस, आता भोग! आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "त्याले इथली थंडी सोसन का रे?" तुला जागा मिळेल का, जेवणाचं काय, हे सगळं त्यानंतर.

तर थंडीचंच आधी. तू लिहिलंस की जाडजूड फुगीर जॅकेट घेतलं, टोपीसकट, उणे पाच अंशांपर्यंत चालणारं. दुकानदाराने पावती दिली असेल तर ते परत दे. खरंच. आमच्याकडे उणे काही होत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता, तर लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. इथली साधी थंडी आठ, दहा, बारा अंशांची. पण ती तुला वेगळ्याच पद्धतीने फसवेल, म्हणून हे एवढं लांबण.

तुमच्याकडे समुद्र आहे. तो दिवसाही फार तापू देत नाही आणि रात्रीही फार गारठू देत नाही. इथे समुद्र शेकडो किलोमीटर लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. पहाटे दहा अंश, दुपारी दोनला अठ्ठावीस. एकाच दिवसात तुला दोन गावांचं हवामान मिळतं. त्या जॅकेटमध्ये तू सकाळी सातला सुखी आणि अकराला भाजलेलं वांगं. मग ते काढून ठेवणार कुठे? काउंटरखाली? आतला शर्ट घामाने भिजलेला, संध्याकाळी सहाला सूर्य बुडाला की तोच ओला शर्ट पाठीला चिकटून गार पडणार, आणि हुडहुडी तिथूनच सुरू. म्हणून इथे कपडा घेताना तो घालून कसा दिसतो यापेक्षा काढल्यावर कुठे मावतो हे बघावं लागतं.

हे मला कोणी शिकवलं नाही, शेतात येणाऱ्या बाया बघून कळलं. कापूस वेचायला येतात तेव्हा लुगड्यावर किंवा साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट. बटणं लावलेली, बाह्या मनगटापर्यंत. तू पहिल्यांदा बघशील तेव्हा हसशील, मी लहानपणी हसायचो. पण त्या शर्टाची कामं मोज. सकाळी वारा अडतो. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं हाताला ओरखडे काढतात, ते वाचतात. दुपारी ऊन अंगाला लागत नाही. डोक्याला रुमाल, तो सकाळी कानांवरून घट्ट, दहा वाजले की फक्त डोक्यावर. दव उडाल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत, कारण ओला वेचला तर माल खराब होतो. तोवर बांधावर काटक्या पेटवून गप्पा. ऊन चढलं की शाल झाडाला, आणि हात सुरू. एवढं शहाणं कपाट मी पुण्यात कोणाकडे पाहिलं नाही.

तू बँकेत बसणार, तुझा शर्ट तसाही फुलबाह्यांचाच. तेव्हा आत एक पातळ बनियन किंवा थर्मल, वर तुझा नेहमीचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर. बस. ऊब काही लोकरीत भरून आलेली नसते, ती तुझ्याच अंगाची. दोन कपड्यांमध्ये हवा अडकते आणि ती तिला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ बरे. बिनबाह्यांचा अशासाठी की हात मोकळे राहतात, आणि दुपारी गुंडाळून पिशवीत टाकला तर डब्याएवढीच जागा खातो.

खरी परीक्षा मोटरसायकलवर. तू खोली परतवाड्यात घेणार म्हणतोस, म्हणजे रोज सकाळी गाडीवर जाणं आलं. बारा अंशांत उभा राहिलास तर काही वाटत नाही, पण पन्नासच्या वेगाने निघालास की वारा स्वेटरच्या विणीतून सरळ आत घुसतो. विणलेला कपडा ऊब राखतो, वारा अडवत नाही. यावर माझ्या काकांचा उपाय वर्तमानपत्र: छातीवर दोन घड्या, वर शर्ट. अजून चालतो. माझा उपाय पावसाळी रेनकोट. तुझ्याकडे तर कोकणातला चांगलाच असेल, तो स्वेटरच्या वर चढव. पोचल्यावर दहा मिनिटांत काढ, नाहीतर आत घाम साचतो. गावातली पोट्टी जॅकेट उलटं घालतात, चेन पाठीकडे. दिसतं विचित्र, पण वारा समोरून येतो, चेनच्या फटीतून शिरायला जागाच उरत नाही. हातमोजे घे, कानटोपी घे. माकडटोपीवर हसू नकोस, जानेवारीत तूच मागशील. बूट मात्र जाड मोजे घालून मगच मापाचे घे. घट्ट बुटात पाय जास्त गार पडतात.

आता माझी फजिती सांगतो, तू हसशीलच. शिक्षण संपवून गावी आलो त्या पहिल्या हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. शेताची लाईट आळीपाळीने, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि माझ्या वाट्याला रात्र आली. पुण्याहून आणलेली जाड सुती हुडी आणि जीन्स घालून निघालो, मोठ्या तोऱ्यात. तासाभरात गुडघ्यापर्यंत चिखल आणि जीन्स ओली. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. कापूस पिकवणाऱ्या घरातला मी, आणि हे मला रात्री दोनला बांधावर कुडकुडताना कळलं! शेजारच्या शेतातले म्हातारेबुवा धोतर गुडघ्याच्या वर खोचून, उघड्या पायांनी पाण्यात, वर बंडी, त्यावर घोंगडी. ओले झाले की पाय पुसून घोंगडीत घेत. मला म्हणाले, "काहून थरथरून राह्यला बे? तो पँट काढ न." काढली. घोंगडीत शिरलो. लोकर ओलसर झाली तरी थोडी ऊब देते, सुती देत नाही. दुसऱ्या दिवशी तापाने फणफणलो ते वेगळं.

त्याच हरभऱ्याची आणखी एक गंमत. पहाटे त्याच्या पानांवर आंबट दव असतं, त्याला आंब म्हणतात. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं त्यात. भेगाळलेल्या पायाला लागली की झोंबते, आणि कापडाचे बूट घालून त्यात रोज फिरलास तर ते लवकर सडतात. शिवाय बांधावरच्या गवताची कुसळं. लोकरी मोजे आणि स्वेटर यांच्यावर कुसळांचा फार जीव. एकदा अडकली की संध्याकाळी अंगणात बसून एकेक उपटायची. तेव्हा रविवारी माझ्याकडे शेतात येशील तेव्हा बँकेतला स्वेटर घालून येऊ नकोस. वर काहीतरी गुळगुळीत असू दे, तो रेनकोटच ठीक.

स्वेटर कुठून घ्यायचा? मी माझा नागपुरात तिबेटी बायकांकडून घेतला. हिवाळ्यात त्या रस्त्याच्या कडेला दुकानं लावतात. मला वाटायचं हे लोक थेट हिमालयातून येतात. तर आपल्या गोंदिया जिल्ह्यातच, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, १९७२ पासून त्यांची नोर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे. आणि माल बहुतेक लुधियानाचा! अस्सल लोकर आहे का हे बघायचं असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळ. केस जळाल्यासारखा वास आला आणि चुरा झाला तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिक वाईट नाही, धुवायला सोपं. माझा निम्मा तसाच आहे. लोकरीचा मात्र गरम पाण्यात टाकू नकोस, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धू आणि खाटेवर पसरून सुकव. दोरीवर टाकलास तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील.

पांघरायला काही आणू नकोस. आईने जुन्या लुगड्यांची गोधडी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. सात लुगडी आहेत तिच्यात, मी मोजली. गाडगेबाबा याच भागातले, शेंडगावचे. चिंध्या जोडून अंगावर घेत म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्यांची पुण्यतिथी २० डिसेंबरला, आणि त्याच दिवशी चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा सुरू होते, ती जानेवारीभर चालते. तिथे आपण जाणार आहोत. रात्री राहुट्यांमध्ये रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि हंडीतलं मटण, बाहेर शेकोटी. तिथे मात्र शाल हवीच. शेकोटीपुढे तोंड भाजतं आणि पाठ गोठते, म्हणून शाल फक्त पाठीवर घ्यायची. नायलॉनचं काही घालून ठिणगीजवळ बसू नकोस, भोक पडतं. माझ्या एका जॅकेटला अशी तीन आहेत.

खोबरेलाबद्दल राहिलंच. तुझी बाटली इथे दगड होईल. चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, आणि रात्री-सकाळी इथे तेवढं नसतं. सकाळी बाटली उन्हात ठेवायची किंवा तिळाचं तेल घ्यायचं. आंघोळीनंतर लगेच लाव, नाहीतर कोरड्या हवेने ओठ आणि टाचा फुटतील. दमट हवेत वाढलेली तुझी कातडी पहिले पंधरा दिवस बोंब मारेल.

मुंबईहून रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने ये, सकाळी बडनेरा येतं. मफलर आणि कानटोपी सुटकेसमध्ये ठेवू नकोस, हातातल्या पिशवीत वर ठेव. तिथल्या फलाटावर त्या वेळी वारं असतं आणि मी तुला घ्यायला मोटरसायकलच घेऊन येणार आहे. पुढचा सगळा रस्ता गाडीवर. वाटेत एकदा चहाला थांबू, फक्त एकदा.

आणि जॅकेट परत देताना पैसे नाही मिळाले, बदलूनच घ्यायला लावलं, तर दोन बिनबाह्यांचे स्वेटर घे. एक माझ्या मापाचा. आमसुलं आण, आईने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुझा,
वऱ्हाडी