तपासण्याआधी विचारावे, याविषयी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की बाई आपल्या पायांनी दवाखान्यात येते, केसपेपर काढते, टेबलावर जाऊन झोपते, मग तपासू का म्हणून तिला पुन्हा वेगळे विचारायचे कशाला, आणि एवढ्या गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ कुणाजवळ असतो. प्रश्न तू मनापासून विचारलास, म्हणून उत्तरही घाईने न देता लिहून पाठवते. मी डॉक्टर नाही. पण उपकेंद्रावर नर्सबाई म्हणून माझी सारी नोकरी झाली, आणि रुग्णाच्या उशाशी उभी राहून मी जे पाहिले, ते पायथ्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरला बहुधा दिसत नाही.

आपल्याकडची बाई डॉक्टरला तोंडावर नाही म्हणत नाही, हे आधी ध्यानात घे. तू साहेब, ती निंदणाची मजुरी बुडवून आलेली, आणि सोबत सासू किंवा नवरा. ‘तपासा ना जी डॉक्टरसाहेब, तिले काय इचारता,’ हे तेच म्हणतात. ती मात्र पदराचे टोक दातांत धरते, तोंड भिंतीकडे फिरवते, पायांची बोटे आवळून घेते आणि एक हात ओटीपोटावर तसाच ठेवते. तो हात तू बाजूला सारलास आणि ती काही बोलली नाही, तर तिने परवानगी दिली असे होत नाही. तो तिने स्वतः उचलला पाहिजे. शिवाय ही केवळ सभ्यतेची बाब नाही, तुझ्या निदानाचीही आहे. भीतीने श्वास रोखून धरलेल्या बाईचे पोट फळीसारखे लागते आणि नवा डॉक्टर त्यात आतला आजार शोधत बसतो. गुडघे वाकवायला सांगावे, आपले हात चोळून गरम करावेत, ‘कुठे दुखते ते आधी तुम्हीच बोट लावून दाखवा’ असे म्हणावे. तेच पोट बऱ्याचदा मऊ पडते.

गप्प राहणे म्हणजे कबुली, असे मोठमोठ्यांनीही मानले आहे. 1972 साली आपल्याच विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने विरोध केल्याच्या खुणा नाहीत, हे धरून सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून, शरण जाणे वेगळे आणि संमती देणे वेगळे, असे ठणकावून सांगितले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. दवाखान्यातली तपासणी आणि तो गुन्हा मी एका तागडीत घालत नाही. पण ‘ती काही बोलली नाही ना’ हे वाक्य मी दवाखान्यांतही पुष्कळ ऐकले आहे, आणि ते तुझ्या तोंडी येऊ नये.

सासूचा होकार हा सुनेचा होकार नव्हे, हेही नुसते माझे मत नाही. समीरा कोहली या रुग्ण बाईच्या खटल्यात तिने केवळ पोटात दुर्बीण घालून तपासण्यास संमती दिली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय आणि अंडाशये काढून टाकली. तातडीचे कारण नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईने दिलेली संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती ही उपचाराची संमती ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला. तुझ्या रोजच्या कामात त्याचा अर्थ असा, की पोट दाखवायला तयार झालेल्या बाईने आतून तपासायला होकार दिलेला नसतो, आणि तुला होकार देणाऱ्या बाईने तुझ्यामागे वाकून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना तो दिलेला नसतो. प्रत्येक पायरीला विचारायचे. ‘आता चादर थोडी खाली घेतो, चालेल ना?’ एवढे म्हणायला कितीसा वेळ लागतो! मधेच ती नको म्हणाली तर हात तिथेच थांबला पाहिजे, कपाळाला आठी न घालता.

वेळेविषयी आणखी सांगते. एका आरोग्य शिबिरात बायकांची तपासणी शाळेच्या खोलीत ठेवली होती. खिडकीचे एक दार निखळलेले, बाहेर ओट्यावर गावची माणसे बिड्या ओढत बसलेली, आणि आत एकीची तपासणी चालू असताना दुसरी दारातच उभी. शिबिर वेळेत आटोपले. पुढच्या शिबिराला त्या वस्तीतून एकही बाई आली नाही, आणि अहवालात लिहिले गेले की महिलांमध्ये जागृतीचा अभाव आहे. (जागृती खिडकीला हवी होती.) राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या, त्याचा अहवाल 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. अंगावरून जाते, कंबर भरून येते, हे वर्षानुवर्षे सोसणारी बाई एकदा धीर करून तुझ्या टेबलापर्यंत येते. तिथे तिची लाज राखली गेली नाही, तर ती स्वतः तर परत येत नाहीच, विहिरीवर, नळावर, निंदणाच्या पातीत चार जणींनाही सांगते.

लाज पुरुषांनाही असते, हे तुम्ही तरुण डॉक्टर विसरता. आपल्या पट्ट्यात हत्तीरोगामुळे अंडवृद्धी झालेले किती म्हातारे शेतकरी धोतराआड ती लपवून वखर हाकत राहतात! असा माणूस खोकल्याचे औषध मागायला येतो आणि उठता उठता हळूच म्हणतो, ‘बाबू, नर्सबाईले भायेर पाठव.’ मी न सांगता बाहेर जात असे. तूही सिस्टरला तसे सांगत जा.

स्त्री रुग्णाच्या वेळी मात्र उलट. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे हा रुग्णाचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत लिहिलेला आहे. सिस्टर नसेल तर आशाताईला बोलाव, आणि सासू आत हवी की नको हे सुनेलाच, सासू बाहेर असताना विचार. अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या मुलीच्या बाबतीत तर पोलिसांचा कागद पुरेसा नसतो. तिची संमती वेगळी घ्यावी लागते, ती नाही म्हणाली तरी उपचार अडवता येत नाहीत, आणि योनिमार्गात बोटे घालून ती संबंधांना ‘सरावलेली’ आहे का हे पाहणाऱ्या दोन बोटांच्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले आहे. सर्पदंशाने बेशुद्ध झालेली बाई आणली तर संमतीची वाट पाहायची नाही, हे तुला मी सांगायला नको. तरी लागेल तेवढेच अंग उघडे करावे.

तुमच्या ओपीडीत टेबलाभोवती पडदा नाही, असे तू बोलता बोलता म्हणालास. दवाखान्याचा निधी पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून तो घेता येतो, अधीक्षकांना लेखी अर्ज दे. तोवर माझ्या ट्रंकेतल्या दोन जाड चादरी बाबांच्या हाती शुक्रवारी पाठवते; दोरी तिथे बांधून घे, आणि खिडकीच्या खालच्या काचांना कागद चिकटव.

तुझी,
आई