भूमिपुत्र इथले आणि तिथले

अंबड, नाशिक

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. तिकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये शिकायला आलेल्या आपल्या पोरांकडे बघायची नजर बदललीय, असं तू लिहिलंस. बदललीच आहे. एन्व्हायरॉनिक्स या तिथल्या संस्थेच्या पाहणीत ‘बाहेरचे फार येतात’ म्हणणारे कॅनडात २०२२ साली २७ टक्के होते, २०२४ मध्ये ५८. घरभाडी भडकली आणि खापर तुमच्या माथी फुटलं. सरकारनेही वारं ओळखलं. २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, ऑक्टोबरात पुढच्या वर्षीच्या पीआरचं, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांचं उद्दिष्ट पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. या पोरांच्या फीवर कॉलेजं चालली, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. त्यांना मत नाही ना! मग कात्री आधी त्यांच्यावरच.

मला आपलं २००८ आठवतं. फेब्रुवारीत परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन पेटलं आणि सातपूर-अंबडचे कामगार मिळेल त्या गाडीने गावी निघाले. आमच्या शॉपमध्ये लेथच्या चकात अर्धा टर्न झालेला जॉब तसाच होता, ऑपरेटर मात्र नाशिकरोड स्टेशनवर. तिसऱ्या पाळीला मालक स्वतः मशीनवर उभा! त्याच वर्षी सरकारने उद्योगांत ८० टक्के स्थानिक घेण्याचा जीआर नव्याने काढला. लोक खूश. पुढे हळूहळू तेच कामगार परतले, कारण ठेकेदाराला ऑर्डर पुरी करायची होती. शिवाय देशात कुठेही जाण्या-राहण्याचा हक्क देणारं घटनेचं कलम १९ असताना सरकार कुणाला वाटेत कसं अडवणार? हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदाच केला, तो २०२३ मध्ये हायकोर्टाने रद्द ठरवला.

तुमच्याकडे व्हिसा सरकारच्या हातात, म्हणून लोकमताचा तिथे थेट परिणाम होतो. तरी सरसकट तसंही नाही. ब्रिटनने २०१६ मध्ये ५२ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं, त्यात स्थलांतर हा मोठा मुद्दा. पण जून २०२३ पर्यंतच्या वर्षात तिथे निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या आसपास गेलं. केअर होमला माणसं हवी होती, विद्यापीठांना फी. लोक ओरडले की सरकार बोलतं लगेच, पण करतं ते ज्याच्यावर केलं तर कुणी जाब विचारणार नाही त्याच्यावर. तुला हे कडवट वाटेल, वाटू दे.

आता कामाचं. ताईचा धाकटा तिकडे डिप्लोमाला यायचं म्हणतोय. एजंट म्हणतो, वर्क परमिट नक्की. पण डिप्लोमाचा विषय ठरावीक यादीत असल्याशिवाय ते मिळत नाही ना आता? त्याच्या कोर्सचं नाव वेगळं कळवतो, यादीत बघून सांग. आणि बेसमेंटच्या खोलीचं भाडं खरं किती पडतं तेही लिही, ताई त्यासाठी द्राक्षबागेवर कर्ज काढायला निघालीय.

तुझा,
सुहास